दोन फूट जास्त

शामराव वाहाणे यांना वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी एकाच महिन्यात दोन गोष्टी कळल्या. एक, आपल्या हृदयाच्या तीन नळ्या बुजत आल्या आहेत. आणि दोन, आपल्याला जिवंतपणी करण्यासारखं अजून एक काम आहे. पहिली गोष्ट कळली तेव्हा त्यांची बायको शीला घाबरली. दुसरी कळली तेव्हा ती जास्त घाबरली.

कारण त्याआधीची सात-आठ वर्षं शामराव घरात असले की दिवाणावर असायचे. ऑफिसातून आले, चप्पल काढली, की आडवे. समोर केबलचे चाळीस चॅनेल आणि हातात रिमोट. बघायचे काहीच नाहीत, नुसते एकावरून दुसऱ्यावर जायचे. मूळचे ते भंडाऱ्याचे. पंचविशीत दिल्लीला आले ते सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन म्हणून, आणि एके काळी त्यांच्या रेषेचं खात्यात नाव होतं. मग नव्या पोरांच्या टेबलांवर कम्प्युटर आले. शामरावांचा ड्रॉइंग बोर्ड आधी खिडकीपासून भिंतीकडे सरकला आणि भिंतीपासून रेकॉर्ड रूमच्या दाराशी गेला. कुणी त्यांना जा म्हणालं नाही, पण थांबा असंही कुणी म्हणालं नाही. "आता काय, सात वर्षं काढायची," हे त्यांचं आवडतं वाक्य झालं होतं. शीलाला त्या वाक्याचा भयंकर संताप यायचा. ती हिंदूरावच्या इस्पितळात चोवीस वर्षं सिस्टर होती, सात दिवस मिळावेत म्हणून हात जोडणारी माणसं तिनं रोज पाहिली होती, आणि इथं हा धडधाकट माणूस सात वर्षं काढून टाकायला निघाला होता.

धडधाकट तो नव्हता हे नंतर कळलं. आधी गेले ते गुणवंत रंगारी.

गुणवंत त्याच सरकारी कॉलनीत, त्याच जिन्यात, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचे. वाहाणे पहिल्या मजल्यावर. वीस-बावीस वर्षांचा शेजार, गाव वेगळं पण बोली एक, त्यामुळं भावकीसारखंच. शहाण्णवच्या नोव्हेंबरमधल्या एका रविवारी सकाळी दाढी करता करता गुणवंत खाली बसले ते उठलेच नाहीत. शीला धावत वर गेली, वीस मिनिटं त्यांची छाती दाबत राहिली आणि मग आपणच थांबली. दुपारी बुद्धवंदना झाली, पांढरं कापड घातलं, तिरडी उचलली आणि पहिल्याच वळणावर अडकली.

जिन्याच्या लँडिंगवर ती वळेना. पुढून उचलून पाहिली, तिरपी करून पाहिली, कठड्यावरून बाहेर काढून पाहिली. बांबू भिंतीवर घासून चुन्याचे पोपडे पडायला लागले. शेवटी दोऱ्या सोडल्या. गुणवंतांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, छातीशी चादर बांधली आणि तीन मजले तसं बसवून खाली आणलं. त्यांची मान हलत होती. वर दारात त्यांची बायको कौसल्या उभी होती आणि तिनं ते सगळं पाहिलं. खाली अंगणात पुन्हा तिरडी बांधली.

पुढच्या बाजूला खांदा शामरावांचा होता. घाटावरून आल्यावर ते दिवाणाकडे फिरकले नाहीत. अंघोळ करून, टेप घेऊन जिन्यात गेले. शीला मागोमाग गेली, तर हे गुडघ्यावर बसून लँडिंग मोजत होते.

"सहा फूट," ते म्हणाले. "तिरडी साडेसहा."

"बरं मग?"

"मग काय, हा जिना मी काढलाय. नोकरीतला माझा पहिला नकाशा. साहेब म्हणाले, जिन्यातली जागा वाचव, तर मी वाचवली. शाबासकी मिळाली होती." त्यांनी टेप गुंडाळली. "माणूस उभ्यानंच घरात येतो आणि उभ्यानंच जातो असं धरून चाललो मी. आडवा कसा जाणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही, शीला. असे किती जिने काढले असतील."

त्यांना दरदरून घाम आला होता. दुःखाचा असेल असं शीलाला एक क्षण वाटलं, पण तिच्यातल्या सिस्टरनं त्यांचं मनगट धरलं. आठवड्याभरात सगळ्या तपासण्या झाल्या. एका मोठ्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, बायपास करावी लागेल, फार लांबवू नका. आणि सहा जानेवारीची तारीख दिली. शामरावांनी बायकोकडून शपथ घेतली की ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, अगदी कॉलेजात जाणाऱ्या लेकीला, भावनालासुद्धा इतक्यात नाही. शीलानं ती पाळली. तिला वाटलं, आता हा माणूस दिवाणावरून कायमचा उठत नाही.

झालं भलतंच. तिसऱ्या दिवशी ती ड्यूटीवरून आली तर जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग बोर्ड होता, टी-स्क्वेअरच्या पट्टीची धूळ पुसलेली होती आणि शामराव पेन्सिलीला टोक करत होते. त्या दिवसापासून दोन महिने वाहाण्यांच्या घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवली.

काम असं होतं. बारा वर्षांपूर्वी दिल्लीतल्या बत्तीस मराठी कुटुंबांनी मिळून मैत्री सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. कुणी नागपूर-भंडाऱ्याकडचे, कुणी मराठवाड्यातले, कुणी पुण्या-मुंबईचे, बहुतेक सरकारी नोकरीतले. वाहाणे आणि रंगारी दोघंही त्यात होते. कधी जमीन मिळेना, कधी मिळालेली जाई. शेवटी गाझियाबादच्या बाजूला वसुंधरेत प्लॉट मिळाला. तिथं तेव्हा उसाची शेतं, विजेचे खांब आणि बिल्डरांचे फलक एवढंच होतं. पण चार मजली इमारतींचा नकाशा तयार होता आणि मार्चमध्ये मंजुरीला जायचा होता. लिफ्ट परवडणारी नव्हती. शामरावांनी नकाशा मागवून घेतला आणि सरळ जिन्यावर बोट ठेवलं. लँडिंग सहा फूट.

नकाशा काढणारी आर्किटेक्ट मयुरा पुण्याची, अठ्ठावीस वर्षांची, बोलायला फटकळ. हे म्हातारे ड्राफ्ट्समन लोक उगाच खोड्या काढतात, अशा तयारीनंच ती घरी आली. शामरावांनी तिला गुणवंतांची गोष्ट सांगितली, मग खाली जिन्यात नेऊन भिंतीवरचे ओरखडे दाखवले. ती परत वर आली, मांडीवर ताट घेऊन पिठलं-भाकरी जेवली आणि म्हणाली, "काका, कम्प्युटरवर जिना मी दहा मिनिटांत रुंद करते. पण दोन फूट आणायचे कुठून? जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या फ्लॅटमधून एकेक फूट घ्यावा लागेल. बत्तीस जणांच्या ड्रॉइंग रूमा लहान होतील. माणसांचं काय करायचं?"

"माणसांना मी सांगतो," शामराव म्हणाले.

सांगितलं ते त्यांनी डिसेंबरातल्या सभेत, आणि असं सांगितलं की विचारायची सोय नाही. पंचवीस वर्षं नकाशाशी बोललेला माणूस, त्याला माणसांशी बोलायची सवय कुठून असणार? उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "जिन्यातून प्रेत आडवं वळलं पाहिजे."

सभा अंगावर आली. चेअरमन पद्माकर निमकर मंत्रालयात अंडर सेक्रेटरी होते, शब्द मोजून वापरणारे. त्यांचाही तोल गेला. "वाहाणे, आपण घर बांधतोय का स्मशान? बारा वर्षांनी लोकांना घर दिसतंय यार, आणि तुम्ही त्यातून मढी काढताय!" शुभ-अशुभ काही मानायचं नाही अशी ज्यांनी दरवर्षी जयंतीला भाषणं ठोकली होती, तेही त्या दिवशी निमकरांच्या बाजूनं माना हलवत होते. शिवाय ड्रॉइंग रूमची गोष्ट होती. सोफ्याची मापं घेऊन झाली होती, वॉल युनिट कुठं, टीव्ही कुठं, सगळं ठरलेलं. त्या काळात दिल्लीतल्या नोकरदार माणसाला ड्रॉइंग रूममधला एक फूट मागणं म्हणजे त्याच्या पोटाला चिमटा काढण्यासारखं होतं. फेब्रुवारीच्या सभेत मत घेऊ, असं म्हणून निमकरांनी विषय गुंडाळला.

शीलाला वाटलं, आता तरी नाद सोडतील. शामराव मात्र दर रविवारी एकेका सभासदाच्या घरी जायला लागले. जनकपुरी, सरोजिनीनगर, लक्ष्मीनगर, बस बदलत बदलत. जिने चढताना छातीवर हात ठेवून थांबायचे, वर गेल्यावर चहा प्यायचे, नकाशा पसरायचे. बहुतेकांनी नकार दिला. हे घरी येऊन चिडायचे नाहीत, वहीत लिहायचे, कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कुणाचा जिना अरुंद आहे. चेहऱ्यावर असं काही तेज आलं होतं की भावना म्हणायची, "पप्पा, आप तो हीरो लग रहे हो." शीला स्वयंपाकघरातून त्यांच्याकडे बघत राहायची. तिला खरोखर कौतुक वाटत होतं, आणि त्या कौतुकाचा तिला राग येत होता. हा माणूस लग्नात आपल्याला मिळाला नव्हता, आत्ता मिळतोय, आणि आत्ताच जाईल की काय, असं तिला सारखं वाटायचं.

सहा जानेवारीची तारीख टळली. इस्पितळानंच सतरा फेब्रुवारीवर ढकलली, असं शामरावांनी सांगितलं, आणि इस्पितळात असं होतं हे शीलाला चांगलं माहीत होतं. तिनं विश्वास ठेवला. फेब्रुवारीच्या आठ तारखेला, सभेच्या आदल्या दिवशी, रिपोर्ट शोधायला तिनं त्यांची फाइल उघडली. आता बघा, पंचवीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस बायकोशी खोटं बोलेल, पण अर्जाची कार्बन कॉपी फाइलला लावल्याशिवाय राहणार नाही. एक सोडून दोन कॉप्या होत्या. पहिली जानेवारीतली: कौटुंबिक अडचणीमुळे शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलावी, ही नम्र विनंती. दुसरी कालची: सतरा फेब्रुवारीऐवजी मार्चअखेरची तारीख मिळावी, ही नम्र विनंती. खाली ती सुरेख, तिरकी सही.

शीला खुर्चीवर बसली. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता तो बोर्ड खिडकीतून खाली फेकावा. मग तिनं कॉप्या घडी करून पर्समध्ये घातल्या आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

सभा पहाडगंजच्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये होती. शामराव दोन तास आधी गेले, शीलाही बरोबर गेली. त्यांनी खडू आणि सुतळी काढली आणि हॉलच्या फरशीवर दोन जिने आखायला घेतले, खऱ्या मापाचे. एक सहा फुटांच्या लँडिंगचा, एक आठ फुटांच्या. शीला सुतळीचं दुसरं टोक धरून उभी राहिली. रागानं तिनं सुतळी इतकी ताणली होती की रेषा अगदी सरळ आल्या. "वा, हात छान आहे तुझा," शामराव म्हणाले. त्यांना अजून काही माहीत नव्हतं. मग मयुरा आली आणि तिनं वर्गातली बाकं ओढून रेषांवर भिंतींसारखी लावली.

लोक जमले. या वेळी शामरावांनी भाषण केलं नाही. शाळेची बांबूची शिडी आणली, साडेसहा फुटांची. तिच्यावर सतरंजी टाकली. स्वेटरचे हात खडूनं पांढरे झालेले, तसेच ते शिडीवर आडवे झाले आणि म्हणाले, "चार जण उचला. आधी लहान जिन्यातून काढा मला."

निमकर म्हणाले, "वाहाणे, उठा. हे बरं दिसत नाही." पण मयुरानं पुढचा कोपरा धरला, म्हणून लाजेकाजेस्तव तीन पुरुष उठले. शिडी उचलली, बाकांमधून नेली आणि वळणावर ती बाकाला धडकली. मागं घेतली, पुन्हा धडकली. तिरपी केली तशी शामराव घसरायला लागले, त्यांनी दोन्ही हातांनी बांबू घट्ट धरला. "मी धरू शकतो," ते शिडीवरून म्हणाले, "गुणवंतला धरता येत नव्हतं." पहिल्या रांगेत कौसल्या बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. शिडी धरणाऱ्यांपैकी एक जण तिच्याकडं बघून थांबला, त्यानं शिडीचं आपलं टोक खाली टेकवलं आणि "मला नाही जमत," म्हणून जाऊन बसला.

"आता मोठा जिना," शामराव झोपूनच म्हणाले. "चौथं कोण येतंय?"

कुणीच येईना. शीला उठली. तिनं पर्स कौसल्याच्या मांडीवर ठेवली, पदर खोचला, गुडघ्यात वाकून मागचा डावा कोपरा धरला आणि सवयीनं म्हणाली, "एक, दो, तीन." शिडी उचलली गेली. तिनं आयुष्यात हजारो माणसं उचलली होती, पण नवऱ्याचं वजन पहिल्यांदाच हातांत आलं आणि तिला ते फार कमी वाटलं.

शिडी मोठ्या लँडिंगवर आली. इथून वळवायची. शीला थांबली.

"वळव ना," शामराव म्हणाले.

"सतरा तारखेला ऑपरेशनला जाणार का नाही, ते सांगा आधी."

त्यांनी मान उचलून बघितलं. "शीला, इथं नको."

"इथंच. कार्बन कॉप्या वाचल्यात मी. दोन्ही." तिचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला. "ऐका हो सगळे. या माणसाच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत. जानेवारीत ऑपरेशन होतं, ते यानं तुमच्या जिन्यापायी पुढं ढकललं, आता पुन्हा ढकलतोय. मेल्यावर आडवं जाता यावं म्हणून जिवंतपणी मरायला निघालाय. मला तुमचा जिना पाहिजे हो, मलाही पाहिजे! पण त्यातून पहिला हा गेलेला मला चालणार नाही."

तिचे डोळे वाहत होते, पण शिडी तसूभर हलली नाही. बाकीच्या तिघांचे हात लटपटायला लागले. "काका, बोला लवकर," मयुरा दातओठ खात म्हणाली.

"नकाशा मंजूर झाला की—"

"मग राहा इथंच."

"बरं, जातो."

"मोठ्यानं."

"सतरा तारखेला ऑपरेशनला जातो!" शामराव छताकडं बघून ओरडले.

तेव्हा शीलानं पाऊल मागं घेतलं. शिडी वळली. कुठं घासली नाही, कुठं तिरपी झाली नाही. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरली आणि शामराव आडवेच्या आडवे बाकांमधून पलीकडे गेले. शिडी खाली ठेवली. कौसल्या शीलाची पर्स छातीशी धरून उभी राहिली. "माझ्या बैठकीतला एक फूट घ्या," ती म्हणाली. "सोफा मी लहान घेईन." मग हात वर व्हायला लागले. सव्वीस मोजून झाल्यावर निमकर खुर्चीवरून उठले, शामरावांना हात देऊन उभं केलं आणि तोच हात वर केला. "आधी सांगायचं नाही का हो," ते म्हणाले. "सतराला सकाळी गाडी घेऊन येतो मी. अशा तब्येतीत बस कशाला?"

सतराला शामराव गेले. ऑपरेशन पाच तास चाललं, आणि इतके तास बाहेरच्या बाकावर बसायची पाळी चोवीस वर्षांत पहिल्यांदाच शीलावर आली. चौथ्या दिवशी ते बोलायला लागले तेव्हा म्हणाले, "इथलं स्ट्रेचर लिफ्टमध्ये कसा वळवतात बघितलंस का? अडीच इंचसुद्धा सुटत नाहीत." ती इतकी हसली की शेजारच्या खाटेवरचा पेशंट जागा झाला.

मैत्रीच्या इमारती उभ्या राहायला आणखी तीन वर्षं लागली. मयुरानं मंजूर झालेल्या नकाशाची एक प्रत शामरावांना दिली, खालच्या कोपऱ्यात जिन्याच्या तपशिलापुढं त्यांचं नाव घालून. ती त्यांनी फ्रेम वगैरे काही केली नाही, फाइलला लावली. सोडतीत वाहाण्यांना तिसरा मजला आला. शीलानं कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिने चढा, पण प्रत्येक मजल्यावर पाच मिनिटं बसा.

बसायला जागा होतीच. शामरावांनी दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर एक खुर्ची ठेवली. संध्याकाळी भाजी घेऊन येताना तिथं बसायचे, आणि पाच मिनिटांचा तास व्हायचा. जाणारा-येणारा थांबायचा. कौसल्या वरून खाली यायची ती गप्पांना. पुढं कुणाच्या जिन्याचं, कुणाच्या गॅलरीचं मोजमाप सांगायला लोक तिथंच येऊ लागले, आणि शामराव गुडघ्यावर वही घेऊन काढून द्यायचे. पहिल्या उन्हाळ्यातच शीलानं घरातून दुसरी खुर्ची आणून शेजारी ठेवली. त्या जिन्यातून तोवर कुणाला आडवं न्यायची वेळ आली नव्हती.

एकदा दोघं अशी बसली असताना खालून दोन हमाल नवा मोठा फ्रिज घेऊन आले, निमकरांचा. पुढच्यानं मान वाकडी करून विचारलं, "बाबूजी, हटोगे ज़रा?"

शामरावांनी एकदा फ्रिजकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. "नहीं हटेंगे," ते म्हणाले. "घुमाओ, आराम से घूमेगा."

शीलानं फक्त पाय आत घेतले. फ्रिज आला, त्यांच्या गुडघ्यांसमोरून वळला आणि वर गेला.